शिपायाचा छायाचित्रसंग्रह : तो वाचावा कसा?

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं, ताम्रपट, शिलालेख, बखरी, नाणीं व जुनीं कागदपत्रें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु गेल्या शतकांतील दोन महायुद्धांनीं त्यांत एका नव्या साधनाची भर घातली आहे. आणि तें साधन सरकारी दप्तरांत जितकें सांपडतें, तितकेंच एखाद्या खेड्यांतील माळ्यावरच्या ट्रंकेंतही सांपडण्याचा संभव असतो. परमुलखांत लढावयास गेलेल्या शिपायानें जमविलेला छायाचित्रांचा संग्रह, हें तें साधन होय. काळ्या जाड कागदाची एक वही, तिच्या पानांवर कोपऱ्यांत अडकविलेलीं लहानमोठीं चित्रें, आणि कांहीं चित्रांखालीं पांढऱ्या पेन्सिलीनें लिहिलेले दोन शब्द, एवढेंच बहुधा त्याचें स्वरूप असतें. असा संग्रह हातीं आला म्हणजे आपण पानें उलटतों, उंट व पिरॅमिड पाहून आनंद पावतों आणि वही मिटून ठेवतों. म्हणजे आपण तो संग्रह पाहिला, वाचला नाहीं. पाहणें व वाचणें यांत अंतर आहे. तें अंतर कोणतें, आणि न वाचल्यानें नुकसान कोणाचें होतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

खिशांतील कॅमेरा

छायाचित्रणाची विद्या १८३९ सालीं जगापुढें आली. त्यानंतर सोळा वर्षांनीं, म्हणजे १८५५ मध्यें, रॉजर फेंटन नांवाचा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तेव्हां कांचेच्या पट्ट्या, रसायनें व काळोखी खोली या साऱ्यांसाठीं त्यास घोड्यांनीं ओढावयाची एक गाडीच बरोबर न्यावी लागली. असलें अवजड साहित्य साध्या शिपायाच्या उपयोगाचें नव्हतें. पुढें १८८८ मध्यें अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यानें फिल्मच्या गुंडाळीवर चित्रें घेणारा कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला, आणि १९१२ मध्यें त्याच्याच कंपनीनें 'वेस्ट पॉकेट कोडॅक', म्हणजे बंडीच्या खिशांत मावणारा कॅमेरा काढला. घडी घातली म्हणजे तो तळहातावर राही. एका गुंडाळीवर आठ चित्रें निघत. प्रत्येक चित्र सुमारें अडीच इंच लांब व दीड इंचाहून थोडें अधिक रुंद असे. दोन वर्षांनीं पहिलें महायुद्ध पेटलें आणि 'शिपायाचा कोडॅक' या नांवानें त्याच्या जाहिराती झळकूं लागल्या.

या कॅमेऱ्यांत १९१४ च्या सुमारास एक नवी सोय झाली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. हेन्री गाइसमन नांवाच्या संशोधकाची ही कल्पना ईस्टमन याच्या कंपनीनें विकत घेतली होती. कॅमेऱ्याच्या पाठीस एक लहानशी झडप ठेवलेली असे. चित्र घेऊन झालें कीं, ती झडप उघडावयाची आणि धातूच्या टोंकदार लेखणीनें आंतल्या कागदावर स्थळ, तारीख किंवा नांव लिहावयाचें. मग क्षणभर त्यावर उजेड पडूं दिला म्हणजे तीं अक्षरें दोन चित्रांमधील रिकाम्या पट्टीवर कायमचीं उमटत. चित्र आणि त्याची ओळख हीं एकाच फिल्मवर राहत. नुसतें चित्र अपुरें असतें, त्यास चार अक्षरांची जोड लागते, ही गोष्ट कॅमेरा करणाऱ्यांनीं ओळखली होती. वापरणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं मात्र तेवढी तसदी घेतली नाहीं; झडप बंदच राहिली.

लष्करी अधिकाऱ्यांस हे कॅमेरे फार दिवस मानवले नाहींत. शत्रूच्या हातीं चित्र पडलें तर खंदकांचा ठावठिकाणा उघडा होईल, ही भीति खरीच होती. म्हणून १९१४ च्या डिसेंबरांत फ्रान्समधील ब्रिटिश सैन्यांत खासगी कॅमेरे बाळगण्यास मनाई झाली, आणि पुढच्या वर्षीं ती अधिक कडक करण्यांत आली. तथापि त्याच डिसेंबरांत नाताळच्या दिवशीं कांहीं ठिकाणीं इंग्रज व जर्मन शिपाई आपआपले खंदक सोडून मधल्या मैदानांत एकमेकांस भेटले. आणि दोन्ही पक्षांचे शिपाई खांद्यास खांदा लावून उभे आहेत असें एक चित्र ८ जानेवारी १९१५ रोजीं लंडनच्या 'डेली मिरर' पत्राच्या पहिल्याच पानावर झळकलें. कोणा सेनापतीच्या खलित्यांत जें आलें नसतें, तें एका शिपायाच्या कॅमेऱ्यानें जगास दाखविलें. मनाईनंतरही कित्येकांनीं आपले कॅमेरे लपवून जवळ ठेवले. आणि गॅलिपोली, मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन या दूरच्या रणांगणांवर तर ही बंदी तितक्या कसोशीनें पाळली गेली नाहीं. त्यामुळेंच त्या युद्धाचे खासगी संग्रह आज आपणांस पाहावयास मिळतात.

येथें एक साधा हिशेब करून पाहावा. या कॅमेऱ्याची किंमत इंग्लंडांत सुमारें ३० शिलिंग होती. त्या काळीं एका पौंडास पंधरा रुपये पडत. म्हणजे ही किंमत साडेबावीस रुपये झाली. हिंदी शिपायाचा १९१४ मधील मासिक पगार ११ रुपये होता. दोन महिन्यांचा सारा पगार मोजावा तेव्हां कॅमेरा हातीं यावयाचा. फिल्मचा व चित्रें धुण्याचा खर्च निराळाच. यावरून एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. पहिल्या महायुद्धांतील शेंकडों संग्रहांत हिंदी शिपाई दिसतो, पण तो कॅमेऱ्याच्या पुढें उभा आहे. कॅमेऱ्याच्या मागें तो क्वचितच होता. त्याचें चित्र दुसऱ्यानें घेतलें, दुसऱ्यानें जपलें, आणि त्याखालीं काय लिहावयाचें किंवा लिहावयाचें नाहीं, हेंही दुसऱ्यानेंच ठरविलें.

संग्रह जमतो कसा

एखाद्या वहींत शंभर चित्रें असलीं, तर तीं सारीं वहीच्या मालकानेंच घेतलेलीं असतात, असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांचे सामान्यतः चार वर्ग पडतात. कांहीं त्यानें स्वतः घेतलेलीं असतात. कांहीं सोबत्यांशीं अदलाबदल करून मिळविलेलीं असतात. कारण तंबूंत एकाजवळ कॅमेरा असला कीं, त्याच्या निगेटिव्हवरून दहा जणांसाठीं प्रती निघत. कांहीं बाजारांतून विकत घेतलेलीं असतात. बसरा, बगदाद, कैरो अशा शहरांतील छायाचित्रकार शिपायांसाठीं चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे तयार ठेवीत. कैरो शहरांत लेहनर्ट व लँडरॉक यांचें प्रसिद्ध दुकान १९२४ मध्यें निघालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत तिकडे गेलेल्या सैनिकांच्या वह्यांत त्यांनीं काढलेलीं चित्रें आढळतात. चौथा वर्ग सरकारी छायाचित्रकारांच्या चित्रांचा. तीं वर्तमानपत्रांतून किंवा कार्डांच्या रूपानें शिपायांपर्यंत पोहोंचत.

हा भेद न ओळखल्यास मोठी फसगत होते. एकाच मिनाराचें, एकाच कोनांतून घेतलेलें, सावलीसुद्धां तीच असलेलें चित्र निरनिराळ्या शिपायांच्या वह्यांत आढळूं लागलें, म्हणजे तें बहुधा बाजारचें आहे असें समजावें. त्यावरून मालक त्या गांवीं होता असें फार तर म्हणतां येईल. त्या क्षणीं त्यानें तो देखावा पाहिला होता, असें मुळींच म्हणतां येणार नाहीं. उलटपक्षीं, किंचित् हाललेलें, कडेस कोणाचें तरी बोट आलेलें, रांधणाऱ्या सोबत्याचें एखादें वेडेंवांकडें चित्र असेल, तर तें बहुधा त्याचें स्वतःचें किंवा त्याच्या स्नेह्याचें असतें. चित्र जितकें सुबक तितकी साक्ष मोठी, हा समज या विषयांत खरा ठरत नाहीं.

मग विकत घेतलेलीं चित्रें निरुपयोगी आहेत काय? तसेंही नाहीं. बाजारांत पन्नास चित्रें मांडलेलीं असतां त्यानें हींच पांच कां उचललीं, हा प्रश्न त्याच्या मनाचा ठाव घेतो. घरच्या माणसांस आपण कोठें आहों हें सांगावयाचें, पत्रांतील मजकूर तर सेन्सॉरच्या नजरेखालून जावयाचा. अशा वेळीं नदी, खजुरीचें बन व मशिदीचा घुमट हींच त्याची भाषा होते. निवड ही देखील एक साक्षच आहे.

मेसोपोटेमियाचें एक पान

उदाहरणादाखल पहिल्या महायुद्धांतील मेसोपोटेमियाची मोहीम घेऊं. आजच्या इराक देशांतील तैग्रिस व युफ्रातिस या नद्यांच्या कांठीं ती लढली गेली, आणि त्या युद्धांत सर्वांत अधिक हिंदी सैन्य याच रणभूमीवर गेलें. मराठी मुलखाचा या मोहिमेशीं जवळचा संबंध आहे. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथें १९१५ च्या नोव्हेंबरांत मोठी लढाई झाली. सैन्य मागें हटलें आणि कूत या गांवीं ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडलें. अन्न संपलें, घोडे व खेंचरें मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें तुर्कांच्या स्वाधीन झालीं. त्यांपैकीं पुष्कळ जण पुढील वाटचालींत व कैदेंत मरण पावले.

या मोहिमेचे संग्रह उघडले म्हणजे कांहीं देखावे पुनः पुनः भेटतात. दोन्ही अंगांस पडाव बांधलेल्या तैग्रिसवरील आगबोटी. बसऱ्याच्या कालव्यांतून सरकणाऱ्या लांबट होड्या. बगदादकडील टोपलीसारख्या गोल नावा. टेसिफोनची प्राचीन प्रचंड कमान. आणि सपाट चिखलांत उभारलेले तंबू. यांतील प्रत्येक देखावा कालाची कांहीं खूण सांगतो. ब्रिटिश फौजांनीं बगदाद घेतलें तें ११ मार्च १९१७ रोजीं. तेव्हां हिंदी शिपाई बगदादच्या बाजारांत मोकळेपणानें फिरतांना दिसत असेल, तर तें चित्र त्या दिवसापूर्वींचें असूं शकत नाहीं, मग खालीं कोणी कोणतेंही साल लिहिलेलें असो. त्याचप्रमाणें ब्रिटिश सैन्यांत पोलादी शिरस्त्राणें १९१५ च्या अखेरीपासून येऊं लागलीं. एखाद्या चित्राखालीं १९१४ लिहिलें आहे आणि शिपायांच्या डोक्यांवर पोलादी टोप आहेत, तर लिहिणाऱ्याची स्मृति चुकली आहे असें समजावें. वाचणें म्हणतात तें याला.

परंतु संग्रहांत जें आहे त्यापेक्षां जें नाहीं तें कधीं कधीं अधिक बोलकें असतें. वेढ्याच्या त्या दिवसांत साध्या हिंदी शिपायानें आपल्या डोळ्यांनीं जें पाहिलें, तें टिपणारा कॅमेरा त्याच्या हातीं नव्हता. वेढ्यांतून वांचलेल्या एका हिंदी शिपायाचें चित्र मात्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्यें आहे आणि तें जगभर अनेक पुस्तकांत छापलें गेलें आहे. त्याच्या देहावर मांस असें उरलेंच नाहीं. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. कूतच्या वेढ्यावर कोणीं कितीही पानें लिहिलीं, तरी या एका चित्राइतकें तें सांगणार नाहींत. पण त्या चित्राखालीं त्या माणसाचें नांव नाहीं. तो कोणत्या गांवचा, त्याच्या घरीं कोण वाट पाहत होतें, तो परतला कीं नाहीं, यांपैकीं एकही गोष्ट चित्र सांगत नाहीं. साऱ्या जगानें त्याचें शरीर पाहिलें आणि त्याला हांक मारण्यापुरता शब्द मात्र कोणाजवळ उरला नाहीं.

चेहरा आहे, नांव नाहीं

हा प्रकार एकट्या त्या चित्राचा असता, तर त्याचें इतकें वाटलें नसतें. १९१५ च्या उन्हाळ्यांत एच. डी. गर्डवुड नांवाच्या छायाचित्रकारानें फ्रान्समध्यें हिंदी सैन्याचीं बरींच चित्रें घेतलीं. तीं आज ब्रिटिश लायब्ररींत सुरक्षित आहेत. त्या चित्रांखालीं पलटण लिहिलेली असते, जात लिहिलेली असते, शिपाई काय करीत आहेत हेंही लिहिलेलें असतें. साध्या शिपायाचें नांव बहुधा नसतें. गोऱ्या अधिकाऱ्यांचीं नांवें मात्र अशा चित्रांखालीं सांपडतात.

जें कागदावर झालें तेंच दगडावरही झालें. मेसोपोटेमियांत पडलेल्या आणि ज्यांच्या कबरींचा पत्ता नाहीं, अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचें स्मारक बसरा येथें १९२९ मध्यें उघडण्यांत आलें. त्यावर ब्रिटिश सैनिकांचीं नांवें कोरलीं गेलीं; हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं गेलीं; परंतु साध्या हिंदी शिपायांच्या बाबतींत पलटणीखालीं केवळ मृतांची संख्या घातली गेली. त्यांचीं नांवें नोंदवह्यांत होतीं, दगडावर आलीं नाहींत. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं व मजुरांचीं नांवें एकेक करून कोरलेलीं आहेत. म्हणजे नांवें कोरणें अशक्य होतें असें नाहीं. एके ठिकाणीं तें केलें गेलें, दुसरीकडे केलें गेलें नाहीं. या विषमतेची चौकशी करून युद्धसमाधि-आयोगाच्या समितीनें एप्रिल २०२१ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकन इत्यादि ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण इतरांच्या बरोबरीनें केलें गेलें नाहीं, असें तींत नमूद आहे, आणि त्याबद्दल आयोगानें व ब्रिटिश सरकारनें क्षमा मागितली. शंभर वर्षें उलटल्यावर हें घडलें. आपल्याकडील कित्येक गांवांतही त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गांवांतून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतके मरण पावले, एवढेंच तीवर असतें. तेथेंही आंकडाच; नांव नाहीं.

याच्या उलट एक उदाहरण सांगितलें म्हणजे नांवाचें मोल कळेल. दुसऱ्या महायुद्धांत इटलींत लढतांना १० जुलै १९४४ रोजीं पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली व तेथें त्यांस वीरमरण आलें. ते आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाहीं. कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव आहे. परंतु नांव, तारीख व स्थळ हीं तीनही नोंदलीं गेल्यामुळें जवळजवळ ऐंशीं वर्षांनंतर, जुलै २०२३ मध्यें, इटलींतील मोंतोने या गांवच्या लोकांना त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारें घड्याळ, उभारतां आलें. जेथें नोंद असते तेथें परक्या मुलखांतील माणसेंही आठवण ठेवतात. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो, हा प्रभु येशूचा दृष्टांत आपण शाळेंत ऐकतों. कळपाची नुसती मोजदाद करणारा आणि एकेकास ओळखणारा यांतील अंतर तोच आहे.

शिकागोची पेटी

कधीं कधीं चित्रांतील माणसाचें तर राहोच, चित्र घेणाऱ्याचेंही नांव नाहींसें होतें. अमेरिकेंत शिकागो येथें, गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत, एका घरांतील जुन्या सामानाच्या विक्रींत चित्रांची एक पेटी एका दांपत्यानें विकत घेतली. तींत शंभराहून अधिक चित्रें व त्यांच्या निगेटिव्ह होत्या. तीं १९४५ मध्यें आपल्या देशांत, बंगालमधील खरगपूरच्या आसपास घेतलेलीं होतीं. तेथें त्या वेळीं अमेरिकन विमानदळाचीं ठाणीं होतीं, आणि विमानांतून घेतलेलीं टेहळणीचीं चित्रें धुण्याचें काम करणारें एक पथकही तेथें होतें. दिवसभर शत्रूच्या मुलखाचीं चित्रें हाताळणारा कोणी सैनिक मोकळ्या वेळीं आसपासच्या खेड्यांत जाई आणि देवळें, बाजार, पाण्याला निघालेल्या बायका, खेळणारीं मुलें यांचीं चित्रें घेई, असें त्यांवरून दिसतें. दोनच वर्षांपूर्वीं, १९४३ मध्यें, त्या प्रांतांत भयंकर दुष्काळ पडून अंदाजें ३० लक्ष माणसें मेलीं होतीं. त्या दुष्काळांतून उरलेल्या लोकांचें साधें जीवन या परक्या सैनिकानें टिपलें. या शतकांत तीं चित्रें बंगालमध्यें परत आणण्यांत आलीं, त्यांचें प्रदर्शन भरलें, आणि त्यांवरून आपल्या येथील कलावंतांनीं नव्या कृति निर्माण केल्या.

पण पेटींत सैनिकाचें नांव मिळालें नाहीं, आणि चित्रांतील गांवकऱ्यांचीं नांवें तर त्यालाही ठाऊक असण्याचा संभव थोडा. तो संग्रह कोणा घरचा होता. त्या घरांत केव्हां तरी अशीं माणसें होतींच कीं, जीं त्याच्याकडे बोट दाखवून हें अमुकानें घेतलें म्हणून सांगूं शकलीं असतीं. त्यांस कोणीं विचारलें नाहीं. तीं गेलीं, आणि पेटी बाजारांत आली. एका पिढीचा आळस इतका महाग पडतो.

चित्र खोटें बोलतें काय?

छायाचित्र जें समोर असतें तेंच दाखवितें, म्हणून तें खोटें बोलत नाहीं, अशी आपली समजूत असते. परंतु समोर काय ठेवावयाचें हें माणूसच ठरवितो. वर ज्यांचें नांव आलें त्या गर्डवुड यांचीं लढाईचीं कांहीं चित्रें आघाडीवरचीं नव्हेत. पिछाडीस शिपायांकडून चढाईचा देखावा करवून तीं घेतलेलीं आहेत. ऑस्ट्रेलियन सैन्याचे सरकारी छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनीं १९१७ मध्यें निरनिराळ्या निगेटिव्ह जोडून एकेक रोमांचकारी चित्र तयार केलें. एका चित्रांत सारी लढाई मावत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. आणि असलें जोडचित्र म्हणजे बनावट पुरावा होय, हें युद्धेतिहास लिहिणारे चार्ल्स बीन यांचें म्हणणें. दोघांचा मोठा वाद झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें बीन यांच्या बाजूस राहावें हें बरें. कारण एकदां जोडकाम मान्य केलें म्हणजे खऱ्या चित्राचीही साक्ष कोणी मानणार नाहीं.

शिपायाचें खासगी चित्र या दोषापासून बरेंचसें मुक्त असतें, पण त्यासही मर्यादा आहेतच. हंसणारे सोबती, फुटबॉलचा सामना, जहाजावरील गमती हीं चित्रें वहींत पुष्कळ असतात. भय, आजार व घरची ओढ यांचें चित्र निघत नाहीं. म्हणून वहींत सर्व जण आनंदांत दिसले, एवढ्यावरून ते आनंदांत होते असें अनुमान करूं नये. शिवाय ज्या परक्या लोकांचीं चित्रें त्यानें घेतलीं, त्यांची संमति बहुधा कोणीं विचारलेली नसे. कैदी, मृत, भिकारी यांचीं चित्रें पाहतांना तीं तमाशाचीं चित्रें नाहींत, याचें भान आपण ठेविलें पाहिजे.

आपलें काम

आतां विद्यार्थिमित्रांनो, हें सारें वाचून तुमच्या हातून काय व्हावें? आपल्या घरीं, आजोळीं किंवा शेजारीं असा एखादा संग्रह असेल. संग्रह नसला तरी लढाईवर निघण्यापूर्वीं पडद्यापुढें उभें राहून काढलेली गणवेषांतील एखादी तसबीर तरी असेलच. ती घेऊन घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि पांच प्रश्न विचारा. चित्रांत कोण आहे? हें कोठलें आहे? केव्हांचें आहे? कोणीं घेतलें? आणि आपल्या घरीं तें कसें आलें? एखाद्याचें उत्तर मिळालें नाहीं, तर तेवढी जागा रिकामी ठेवा. कल्पनेनें भरूं नका. उत्तर निश्चित नसेल तर त्यापुढें प्रश्नचिन्ह घाला, आणि हें कोणीं सांगितलें तेंही लिहून ठेवा.

लिहिण्याचीही एक रीत आहे. चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें, कडेस, हलक्या हातानें लिहावें. शाई पुढच्या अंगास फुटते, आणि दाबून लिहिल्यास चित्रावर वळ उठतात. वहींतून चित्रें उपटून काढूं नयेत. चित्रांचा क्रम हा स्वतः एक पुरावा असतो, आणि एका पानावर काय एकत्र ठेवलें आहे हें मालकानें विचार करून ठरविलेलें असतें. निघालेलें चित्र डिंकानें किंवा चिकटपट्टीनें पुनः चिकटवूं नये. ऊन, ओल व वाळवी हे तीन शत्रु. त्यांपासून वही दूर ठेवावी. हल्लीं चित्राची नक्कल घेणें सोपें झालें आहे. नक्कल अवश्य घ्यावी, पण पाठीवरील अक्षरांचीही घ्यावी, कारण नकलेंत पाठ राहून जाते. चित्रांतील शिपाई मरण पावलेला असेल, तर युद्धसमाधि-आयोगाच्या नोंदींत त्याचें नांव, पलटण व गांव शोधून पाहावें. बसऱ्याच्या दगडावर नसलेलीं किती तरी नांवें त्या नोंदींत आहेत. एका बाजूस चेहरा आहे, दुसऱ्या बाजूस नांव आहे. दोहोंची गांठ घालून देणारा कोणी तरी पाहिजे, आणि तो त्या घरांतलाच मुलगा किंवा मुलगी असूं शकते.

पालकांसही एक विनंति आहे. जुनी वही रद्दींत देण्यापूर्वीं ती एकदां मुलांच्या हातीं द्यावी, आणि आपणांस जें आठवतें तें त्यांस सांगावें. पहिल्या महायुद्धांतील सैनिक आतां कोणीच उरले नाहींत. दुसऱ्यांतील अगदीं थोडे आहेत. परंतु त्यांच्या तोंडून ऐकलेलीं त्यांचीं मुलें व नातवंडें अजून आपल्यांत आहेत. त्यांच्या स्मरणांत जें आहे तें कोणत्याही संग्रहालयांत नाहीं, आणि तें कागदावर उतरविण्यास एका संध्याकाळपेक्षां अधिक वेळ लागत नाहीं.

शाळेच्या वार्षिक अंकांत वर्गांचे फोटो छापतात, तेव्हां प्रत्येक फोटोखालीं डावीकडून उजवीकडे बसलेले, उभे असलेले, अशीं सर्वांचीं नांवें दिलेलीं असतात. आपलें नांव गळलें तर आपणांस केवढें वाईट वाटतें! जे शिपाई समुद्र ओलांडून गेले आणि ज्यांपैकीं कित्येक परत आले नाहींत, त्यांच्या फोटोखालची ती ओळ अजून कोरीच आहे. ज्यांच्या घरीं त्या ओळींतील एक नांव ठाऊक असेल, त्यांनीं तें आजच लिहून ठेवावें.